गाडीचा ऑइल फिल्टर घेताना : काउंटरवर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात गेली पंचवीसेक वर्षं मी स्पेअर पार्टच्या काउंटरवर उभा आहे. सीट कव्हर घेताना गिऱ्हाईक तासभर रंग बघतं. ऑइल फिल्टर मात्र "द्या हो कुठला पण" म्हणत पिशवीत टाकून जातं. मग काही जण संध्याकाळी फोन करून विचारतात. तेच ते प्रश्न असल्यामुळे इथे एकदाच लिहून काढले आहेत.

ऑइल फिल्टर नेमकं करतो काय?

इंजिनाच्या तळाशी ऑइलचं भांडं असतं, त्याला आपल्याकडे सगळे चेंबर म्हणतात. पंप तिथलं ऑइल ओढतो, फिल्टरमधून दाबून ढकलतो आणि ते पुढे क्रँकच्या बेअरिंगांना, कॅमशाफ्टला, टर्बो असेल तर त्यालाही जातं. तिथून ठिबकत ते परत चेंबरात येतं. छोट्या पेट्रोल गाडीत सगळं मिळून तीन-साडेतीन लिटर ऑइल, आणि तेच मिनिटाला कित्येक वेळा फिल्टरमधून फिरत राहतं.

वाटेत त्यात काय काय मिसळतं? झिजलेल्या धातूचा बारीक कीस, जळलेल्या ऑइलची खरपुडी आणि एअर फिल्टर चुकवून आत आलेली धूळ. सगळ्यांत वाईट धूळ. धुळीत सिलिका असते आणि ती बेअरिंगच्या धातूपेक्षा कितीतरी कठीण असते. बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यामध्ये ऑइलचा जो थर असतो तो काही मायक्रॉनचाच. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. म्हणजे डोळ्यांना दिसतही नाही असा कण त्या थरात अडकतो आणि पॉलिश पेपरसारखा घासत बसतो. त्याला अडवणं हे फिल्टरचं काम.

पूर्वीच्या गाड्यांना फिल्टर नव्हता म्हणे. मग त्या चालायच्या कशा?

चालायच्या, पण ऑइल सारखं बदलावं लागायचं आणि इंजिन लवकर खोलावं लागायचं. अमेरिकेत १९२३ साली अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनी ऑइल फिल्टरचं पेटंट घेतलं आणि त्याला 'प्युरोलेटर' नाव दिलं. 'प्युअर ऑइल लेटर' हे तीन शब्द जोडून ते नाव केलेलं. सुरुवातीचे फिल्टर ऑइलचा थोडासाच भाग बाजूला काढून गाळायचे, बाकीचं तसंच इंजिनात जायचं. आजच्या गाड्यांत बेअरिंगकडे जाणारं सगळंच ऑइल आधी फिल्टरमधून जातं. सोय झाली, तशी जोखीमही वाढली. फिल्टर तुंबला तर इंजिनाचं ऑइलच बंद. म्हणून त्यात एक चोरवाट ठेवलेली असते. ती समजली की फिल्टर निवडण्यातलं निम्मं समजलं.

डब्याच्या आत असतं काय? बाहेरून तर सगळे सारखेच दिसतात.

मागच्या महिन्यात एका चौकस गिऱ्हाइकासाठी मी काउंटरवरच दोन फिल्टर कापले. एकाच गाडीचे. एक कंपनीच्या खोक्यातला, दुसरा बिननावाचा, निम्म्या किमतीचा. करवतीने कापायचं नाही, लोखंडाचा चुरा आत पडतो. पाइप कापायचं कटर गोल फिरवत आणलं की झाकण डब्यासारखं अलगद सुटतं.

चांगल्यातला कागद घड्याघड्यांचा, साडीच्या निऱ्यांसारखा एकसारखा. घड्या मोजायला गेलो तर बोटं चुकत होती. शिवण धातूच्या पट्टीने आवळलेली. बिननावाच्या डब्यात घड्या कमी, एका बाजूला गच्च आणि दुसरीकडे इतक्या फाकलेल्या की करंगळी आत जात होती. शिवण पांढऱ्या डिंकाने चिकटवलेली आणि एका टोकाला डिंक पोचलाच नव्हता. त्या फटीतून ऑइल न गाळताच जाणार. अशा फटीपुढे कागद कितीही भारी असला तरी काय उपयोग?

कागदाशिवाय आत दोन व्हॉल्व्ह असतात.

पहिला त्या चोरवाटेचा, म्हणजे बायपास व्हॉल्व्ह. फिल्टर तुंबला किंवा थंडीत ऑइल घट्ट झालं की कागदाच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो. तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, साधारण अर्धा ते दीड बार, की हा व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळता इंजिनात सोडतो. कोरड्या इंजिनापेक्षा मळकं ऑइल बरं, असा त्याचा हिशेब. बिननावाच्या फिल्टरातली स्प्रिंग मी बोटाने दाबली ती दबूनच राहिली, वर आलीच नाही. म्हणजे तो फिल्टर पहिल्या दिवसापासून चोरवाट उघडी ठेवूनच बसणार होता.

दुसरा म्हणजे इंजिन बंद झाल्यावर ऑइल परत चेंबरात उतरू न देणारा रबरी पडदा. आट्यांभोवतीच्या बारीक भोकांतून स्क्रूड्रायव्हरने हलकेच दाबून पाहिलं तर तो लागतो. मऊ लवचीक सिलिकॉनचा असेल तर उत्तम. साधा काळा नायट्राइल रबरचाही चालतो, पण गरम-थंड होऊन तो लवकर कडक होतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. घडीच्या दोन टोकांना पुठ्ठ्याच्या टोप्या दिसल्या की लोक "हे तर पुठ्ठ्याचं!" म्हणून नाक मुरडतात. काही चांगले बनवणारेही पुठ्ठा वापरतात आणि ते फिल्टर नीट चालतात. पुठ्ठ्यापेक्षा शिवण आणि व्हॉल्व्ह बघा.

माझ्या गाडीला कोणता लागतो हे कसं कळणार?

गाडीचं नाव सांगून पुरत नाही. "स्विफ्टचा द्या" म्हटलं की मला लगेच विचारावं लागतं, पेट्रोल का डिझेल, कोणत्या सालची. तीच स्विफ्ट पेट्रोलमध्ये पत्र्याचा डबा मागते आणि १.३ डिझेलमध्ये नुसतं कागदी काडतूस, जे इंजिनावरच्याच झाकणाच्या भांड्यात बसतं. ते १.३ मल्टिजेट इंजिन फियाटचं. आपल्या रांजणगावच्या कारखान्यात आणि मारुतीसाठी मानेसरलाही बनलं आणि स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, पुंतो, इंडिका व्हिस्टा अशा किती तरी गाड्यांत गेलं.

सरळ उपाय असा : गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात किंवा जुन्या फिल्टरवर छापलेला पार्ट नंबर घेऊन या. तोही नसेल तर आरसीवरचा चॅसिस नंबर सांगा. कंपनीच्या कॅटलॉगात त्यावरून नेमका पार्ट सापडतो. दुसऱ्या बनावटीचा फिल्टर घेत असाल तर त्या कंपनीच्या स्वतःच्या कॅटलॉगात तुमचं मॉडेल, साल आणि इंजिन लिहिलेलं पाहा. खोक्यावर "अमुक तमुक गाड्यांसाठी" अशी लांबलचक यादी असते, तिच्यावर मी फार भरवसा ठेवत नाही.

मागच्या वेळी चुकीचा फिल्टर लावलेला असू शकतो हेही लक्षात ठेवा. जुन्यावरून नवा घ्यायचा तर तो नंबर एकदा पुस्तकाशी ताडून बघा.

आटे जुळतात, रबरही तेवढंच आहे. मग दुसऱ्या गाडीचा फिल्टर लावला तर काय बिघडतं?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त येतो आणि इथेच माणसं फसतात. तीन गोष्टी बघा.

आटे जुळल्यासारखे वाटतात, पण जुळतीलच असं नाही. फिल्टरांमध्ये दोन माप फार दिसतात. एक २० मि.मी. व्यासाचं, दोन आट्यांमधलं अंतर १.५ मि.मी. दुसरं पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मि.मी., इंचाला १६ आटे. डोळ्यांनी फरक कळत नाही. २० मि.मी.चा फिल्टर इंजिनावरच्या पाऊण इंची दांड्यावर चढतो, थोडा ढिला फिरतो, शेवटी रबर टेकलं की घट्टही वाटतो. प्रत्यक्षात आटे एकमेकांना जेमतेम टोकांनी धरून असतात. सकाळी थंड इंजिन चालू करून कुणी अॅक्सिलरेटर दाबला की दाब एकदम चढतो आणि फिल्टर सुटून पडू शकतो. हाताने फिरवताना खडखडत, डुगडुगत चढला तर तिथेच थांबा.

दुसरी गोष्ट बायपास व्हॉल्व्हची. काही इंजिनांत तो फिल्टरमध्ये नसतो, इंजिनाच्या ब्लॉकमध्येच बसवलेला असतो. त्या इंजिनासाठीच्या फिल्टरमध्ये चोरवाट ठेवतच नाहीत. असा फिल्टर तुम्ही दुसऱ्या इंजिनावर चढवला आणि तो तुंबला, तर ऑइलला जायला वाटच उरत नाही. दाब वाढून कागद चुरगळतो, फाटतो, आणि फाटलेले तुकडे बेअरिंगकडे जातात.

तिसरी, फिल्टर बसतो कसा. तोंड खाली करून किंवा आडवा बसणाऱ्या फिल्टरला ऑइल अडवणारा पडदा हवाच. तोंड वर करून उभा बसणाऱ्या फिल्टरात ऑइल आपोआप साठून राहतं, तिथे पडदा नसला तरी भागतं. दोन्ही डबे शेजारी ठेवा, भाऊ-भाऊ वाटतील.

खोक्यावर "९९ टक्के गाळणी" लिहिलंय. तो चांगला ना?

९९ टक्के कशाचे, ते लिहिलंय का बघा. पुरणयंत्राची जाळीही डाळीतले ९९ टक्के खडे अडवेल, मैद्यातली कणी अडवणार नाही. ४० मायक्रॉनचे ९९ टक्के कण अडवणारा फिल्टर आणि २० मायक्रॉनचे ९९ टक्के अडवणारा फिल्टर यांत मोठं अंतर आहे. आकडा आणि मायक्रॉन दोन्ही एकत्र लिहिलेले नसतील तर ती जाहिरात समजा.

मोजण्याची नीट पद्धत आहे, तिचं मानक आयएसओ ४५४८-१२. त्यात मळ घातलेलं ऑइल फिल्टरमधून पुन्हा पुन्हा फिरवतात आणि आधी किती कण, नंतर किती कण ते मोजतात. निकाल 'बीटा' आकड्यात येतो. २० मायक्रॉनला बीटा २ म्हणजे त्या मापाच्या दोन कणांतला एक सुटला, गाळणी ५० टक्के. बीटा ७५ म्हणजे पंचाहत्तरांतला एकच सुटला, गाळणी ९८.७ टक्के. असे आकडे जाहीर करणारा बनवणारा सहसा माल चांगला देतो. ज्याला लपवायचं असतं तो आकडे छापतच नाही.

उलट बाजूही सांगतो. जितकी बारीक गाळणी तितकी ती लवकर भरते, आणि कागदाचं क्षेत्रफळ कमी असेल तर आणखीच लवकर. म्हणून बारीक गाळणी आणि भरपूर घड्या हे दोन्ही एकत्र लागतं.

सिंथेटिक ऑइल टाकतो, तर फिल्टरही सिंथेटिकच घ्यावा लागेल का?

नाही. ऑइल आणि फिल्टर यांचं गोत्र जुळवावं लागत नाही. साध्या सेल्युलोजच्या कागदी फिल्टरातून सिंथेटिक ऑइल व्यवस्थित गाळलं जातं.

बारीक कृत्रिम तंतूंचा फिल्टर मळ जास्त साठवतो आणि ओलाव्याने फुगत नाही, त्यामुळे तो जास्त काळ टिकतो. तुमची गाडी १५-२० हजार किलोमीटरला ऑइल बदलायला सांगत असेल तर जादा पैसे वसूल होतात. दहा हजाराला किंवा वर्षाला बदलणाऱ्याने त्यावर तिप्पट खर्च करायची गरज मला वाटत नाही. तेच पैसे एअर फिल्टरवर घाला.

कंपनीचा ओरिजिनलच घ्यावा की बाहेरच्या बनावटीचाही चालेल?

कार कंपन्या फिल्टर बहुधा स्वतः बनवत नाहीत. फिल्टरचे मोठे कारखाने त्यांच्यासाठी बनवतात, खोक्यावर कार कंपनीचं नाव पडतं. तेच कारखाने स्वतःच्या नावानेही बाजारात विकतात. मान, माले, बॉश, प्युरोलेटर, एलोफिक, ट्रक-ट्रॅक्टरवाल्यांच्या ओळखीचं पुण्याचं फ्लीटगार्ड, ही सगळी रुळलेली नावं. यांतला, कॅटलॉगात तुमच्या इंजिनासमोर नंबर असलेला फिल्टर डोळे झाकून घ्या.

पण खरं विचाराल तर छोट्या पेट्रोल गाडीचा कंपनीचा फिल्टर शे-दोनशे रुपयांच्या घरात येतो. तिथे चाळीस रुपये वाचवायला चार दुकानं फिरणाऱ्याचं पेट्रोलच तेवढं जळतं. मोठ्या डिझेल गाड्यांत किंवा परदेशी बनावटीच्या गाड्यांत फरक खरंच मोठा असतो, तिथे बाहेरची चांगली बनावट परवडते.

बाहेरून फिल्टर घेऊन बाहेरच्याच गॅरेजात लावला तर वॉरंटी जाते का?

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांविरुद्ध एक मोठा आदेश दिला. स्पेअर पार्ट खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून सुमारे २५४५ कोटींचा दंड ठोठावला. बाहेरच्या गॅरेजात काम करून घेतलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असंही त्यात बजावलं होतं. कंपन्या त्यावर अपिलात गेल्या.

व्यवहारात काय होतं ते सांगतो. वॉरंटीत असताना इंजिन बिघडलं तर सर्व्हिस सेंटरवाला पहिल्यांदा ऑइल आणि फिल्टरची पावती मागतो. ती नसेल तर वाद घालत बसावं लागतं. म्हणून वॉरंटी संपेपर्यंत कंपनीचाच पार्ट नंबर लावा, बिल पक्कं घ्या आणि त्यावर तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड लिहून घ्या. गॅरेज कुठलंही असो.

नकली फिल्टर ओळखायचा कसा?

पूर्वी खोक्यावरच्या स्पेलिंगवरून पकडता यायचं. आता छपाई इतकी साफ येते की मीही खोक्यावरून शपथ घेणार नाही.

मी हातात घेऊन बघतो. वजन हलकं लागलं तर पहिली शंका. मग तोंडाकडची जाड प्लेट : आटे स्वच्छ कापलेले हवेत, कडेला धातूची कुसळं नकोत. रबरची रिंग खाचेत सगळीकडे सारखी बसलेली हवी, नखाने दाबली तर मऊ लागली पाहिजे. हलवून पाहा, आत खुळखुळ वाजला तर परत द्या. रंग ओघळलेला, आत रंगाचे थेंब पडलेले, असा माल मी पुण्याच्या नाना पेठेतल्या स्पेअर बाजारातून आलेल्या गठ्ठ्यातूनही सरळ बाजूला काढतो.

खोक्यावर एमआरपी, बनवल्याचा महिना-वर्ष, बनवणाऱ्याचा पत्ता आणि ग्राहक तक्रारीचा नंबर हे कायद्याने असावं लागतं. यांतलं काही नसेल तर पुढे बोलणंच नको. क्यूआर कोड असेल तर तो दुकानातच स्कॅन करा, घरी गेल्यावर नाही. आणि गॅरेजवाल्याला "तुम्हीच आणून लावा" म्हटलं असेल तर रिकामं खोकं आणि जुना फिल्टर दोन्ही मागून घ्या. चांगला मिस्त्री त्यावर चिडत नाही.

किती किलोमीटरला बदलायचा?

पुस्तकात लिहिलंय तेव्हा. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतलं जे आधी येईल ते. काही कंपन्या पंधरा हजारही देतात.

पण पुस्तकातलं 'कठीण वापर' हे पान लोक वाचतच नाहीत. धुळीचा रस्ता, सारखी ट्रॅफिकमध्ये उभी गाडी, रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या, जड ओझं, हे सगळं त्यात मोडतं. उसाच्या हंगामात कच्च्या रस्त्याने कारखान्यावर ये-जा करणारी गाडी, किंवा शाळा-भाजी-क्लास एवढंच चालणारी शहरातली गाडी, दोघींचाही वापर कठीणच. दुसरी तर फसवते. किलोमीटर वाढत नाहीत, इंजिन कधी पुरतं तापत नाही, त्यामुळे ऑइलातलं पाणी उडून जात नाही आणि झाकणाखाली पिवळट साय धरते. अशांनी किलोमीटरकडे न बघता तारखेला बदलावं.

ऑइल बदललं, फिल्टर पुढच्या वेळी बदलू. चालेल?

जुन्या फिल्टरमध्ये पाव लिटरच्या आसपास मळकं ऑइल साठलेलं असतं. आंघोळ करून परत तोच मळका बनियन घालण्यातला प्रकार. नका करू.

फिल्टर नवा, ऑइल नवं, तरी दोन दिवसांत ऑइल काळं. फिल्टर खराब निघाला का?

डिझेल असेल तर नाही. डिझेलची काजळी एक मायक्रॉनपेक्षाही बारीक असते, ती कोणत्याही साध्या फिल्टरमध्ये अडकत नाही. ती ऑइलने स्वतःत विरवून धरायची असते, आणि काळं झालं म्हणजे ऑइल ते काम करतंय.

सीएनजीवाल्यांचं उलटं. "ऑइल मोजायची पट्टी काढून बघितली, ऑइल मधासारखं आहे, कशाला बदलू?" गॅस स्वच्छ जळतो म्हणून काजळी कमी, पण इंजिनाच्या सिलिंडरातली उष्णता ऑइलला आतून पिकवत असतेच, आणि धूळ काय पेट्रोल-गॅस बघून येत नाही. ठरल्या वेळी बदला.

सकाळी गाडी चालू केल्यावर दोन-तीन सेकंद खडखड होते, मग थांबते. याचा फिल्टरशी संबंध आहे का?

असू शकतो. ऑइल अडवणारा तो रबरी पडदा कडक झाला की रात्रीतून फिल्टर रिकामा होतो. सकाळी पंप आधी फिल्टर भरतो, मग इंजिनाच्या वरच्या भागातल्या टॅपेटपर्यंत ऑइल पोचतं, तोपर्यंत ती खडखड. नुकताच फिल्टर बदलला आणि तेव्हापासून आवाज सुरू झाला असेल तर पहिला संशय फिल्टरवरच घ्या. चांगला फिल्टर लावूनही आवाज राहिला तर टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर बघावा लागतो. ते काउंटरवरून सांगता येत नाही, मिस्त्रीकडे जा.

बसवताना काय सांभाळायचं? मी घरीच बदलतो.

आधी माझी फजिती ऐका. दुकान टाकायच्या आधीची गोष्ट, आमच्या घरी मारुती व्हॅन होती. पुण्याला लग्नाला निघायचं म्हणून भल्या सकाळी मी ऑइल आणि फिल्टर बदलले. खंबाटकी घाट चढताना डॅशवर लाल दिवा लागला. मला वाटलं वायर हलली असेल. दिवा विझेना, मागून ट्रकवाला हॉर्न देतोय, आरशात बघितलं तर रस्त्यावर काळी चकचकीत रेघ, आमच्याच गाडीमागून. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. खाली वाकलो तर फिल्टर घट्ट होता, पण त्याच्या कडेने रबर जिभेसारखं बाहेर आलं होतं. जुन्या फिल्टरची रबर रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती आणि तिच्यावर मी नवा फिल्टर चढवला होता. दोन रबरं एकावर एक. साध्या रस्त्यावर धरलं, चढावर दाब आला तसं सरकलं. अडीच-तीन लिटर ऑइल घाटात. मागचा ट्रकवाला उतरला, माझ्याकडे बघून काही बोलला नाही, नुसती रस्त्यावर माती टाकायला लागला. लग्न चुकलं. इंजिन वाचलं ते केवळ दिवा लागल्यावर मिनिटभरात बंद केलं म्हणून.

तेव्हा जुना फिल्टर काढला की त्याला रबर लागलेलं आहे का, ते आधी बघायचं. नसेल तर ते वर चिकटलंय. इंजिनाकडची जागा चिंधीने पुसा, बोट फिरवा.

नव्या रबरला बोटाने ताजं ऑइल लावा, म्हणजे ते पिळवटत नाही. फिल्टर हाताने फिरवा. रबर टेकलं की तिथून पाऊण फेरा आणखी, बहुतेक फिल्टरांना एवढं पुरतं. डब्यावरच किती फेरा ते छापलेलं असतं, ते प्रमाण माना. पान्याने करकचून आवळायचा नाही. ऑइल भरा, मिनिटभर इंजिन चालवा, खाली बॅटरी मारून बघा, बंद करून पाच-दहा मिनिटांनी पट्टी तपासा. नवा फिल्टर ऑइल पितो, त्यामुळे पातळी थोडी उतरते. चेंबरच्या बोल्टचा वायसरही त्याच वेळी नवा टाका, चार-पाच रुपयांची वस्तू आहे.

काडतूस फिल्टरला वेगळं काही?

हो, ओ-रिंग. काडतुसाच्या खोक्यात झाकणाची नवी ओ-रिंग मिळते. ती टाकून जुनीच ठेवणारे मिस्त्री मी पाहिलेत. जुनी चपटी झालेली असते, आठ दिवसांत झिरपायला लागते. ओ-रिंग झाकणाच्या नेमक्या त्याच खाचेत बसवायची, शेजारच्या आट्यांवर नाही.

झाकण प्लॅस्टिकचं असेल तर त्यावर किती घट्ट करायचं ते लिहिलेलं असतं, स्विफ्टच्या डिझेलला २५ न्यूटन मीटर. टॉर्क पाना नसेल तर मनगटाच्या जोरावर थांबा, खांद्याचा जोर लावू नका. तडकलेलं झाकण अख्ख्या फिल्टरपेक्षा महाग पडतं.

काडतुसाचा एक फायदा मला आवडतो. जुनं काढलं की घड्यांत काय अडकलंय ते डोळ्यांसमोरच असतं, डबा कापावा लागत नाही.

जुन्या फिल्टरात चकचकीत कण दिसले. घाबरायचं का?

नव्या गाडीच्या पहिल्या एक-दोन बदलांत थोडी चमक दिसते, भाग एकमेकांना घासून बसत असतात. जुन्या गाडीत बोटांच्या चिमटीत जाणवतील असे कण आले तर मात्र दुर्लक्ष नको. चुंबक फिरवून पाहा. चिकटले तर लोखंड-पोलाद, म्हणजे कॅम, चेन, रिंग यांच्याकडचं. न चिकटणारे पिवळट, तांबूस किंवा पांढरट चकाकणारे असतील तर बेअरिंगचा धातू किंवा अॅल्युमिनियम असू शकतं. ते कण कागदात गुंडाळून मिस्त्रीकडे न्या, फोनवर फोटो पाठवून उपयोग होत नाही.

फिल्टर गच्च बसलाय, निघतच नाही.

इंजिन कोमट असताना प्रयत्न करा. डब्याभोवती पॉलिश पेपर उलटा गुंडाळला की हाताची पकड बसते. नाहीतर पट्टा पाना किंवा त्या फिल्टरच्या मापाचा कप पाना घ्या. डब्यात स्क्रूड्रायव्हर ठोकून फिरवायचा जुना उपाय शेवटचा. बऱ्याचदा पत्रा फाटतो, प्लेट तिथेच राहते आणि मग छिन्नी-हातोडा आला.

मोठा फिल्टर लावला तर ऑइल जास्त साफ राहील ना?

आटे, रबरचा व्यास, व्हॉल्व्ह सगळं तेच आणि डबा थोडा उंच असेल तर मळ साठवायला जागा जास्त, इतकंच. पण तो खाली किती लोंबतो ते बघा. आपल्या गतिरोधकांवर एकदा फिल्टर टेकला की गोष्ट संपली. चुंबक लावलेले आणि धुऊन वापरायचे जाळीचे फिल्टरही मिळतात. चुंबक धुळीला धरत नाही, आणि जाळी कागदाइतकी बारीक क्वचितच असते.

जुना फिल्टर कुठे टाकायचा?

भोक पाडून किंवा तोंड खाली करून रात्रभर जुन्या डब्यावर निथळत ठेवा. काढलेलं ऑइल गटारात, उकिरड्यावर किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. बंद कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या. त्यांच्याकडे ते गोळा करणारा येतो. निथळलेला डबाही त्यांच्याकडेच, नाहीतर भंगारवाल्याकडे. आमच्याकडे काही शेतकरी ते ऑइल गोठ्याच्या लाकडांना वाळवी लागू नये म्हणून मागून नेतात. मी देत नाही, जनावरं लाकूड चाटतात.

इलेक्ट्रिक गाडी घेतली. तिला ऑइल फिल्टर?

इंजिनच नाही, त्यामुळे इंजिन ऑइलचा फिल्टरही नाही. एसीचा केबिन फिल्टर आहे, तो विचारा. तोही याच काउंटरवर मिळतो.